चाचणीची पानं

वेलांटी पुन्हा बाहेरच उभी होती. ‘पिवळा’मधला प आपल्या चौकोनात, आणि त्याची वेलांटी त्याला सोडून शेजारच्या चौकोनात, टिंबाटिंबांच्या एका गोलाला धरून... कालच्या फॉन्टमध्ये निदान ती प-च्या अंगावर तरी आली होती, जरा कापली गेली होती इतकंच. आणि आज नवा फॉन्ट बसवला तर ही अशी, ओळखपाळख नसल्यासारखी. निवृत्ती स्क्रीनच्या जवळ गेला, लांब आला, डोळे बारीक करून पाहिलं. टॉवेल पिवळा होता. काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत एवढं एकच वाक्य, आणि तेही धड दिसेना.

टर्मिनल म्हणतात या काळ्या खिडकीला. तिथं माऊसला कोणी विचारत नाही. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, की काम झालं. कंपनीचं काम तो घरात बसून दिवसभर त्यातच करायचा, पण ते इंग्रजीत, आणि इंग्रजी अक्षरं काय, एकेका चौकोनात निमूट बसतात. मराठीला ते जमत नाही — वर मात्रा, खाली उकार, अर्धा त पुढच्याच्या गळ्यात... आता कोणी म्हणेल, मग साध्या ठिकाणी लिही ना बाबा, मोबाइलवर लिही, नाहीतर कागद घे. त्याची बायको समीक्षाही तेच म्हणाली होती. पण नाही! ह्याला आधी ब्लॉग हवा होता, आणि तोही कसा, तर हलका — जाहिराती नकोत, वाचकांची मोजदाद नको, प्रतिक्रिया तर नकोतच. एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली टाकायच्या, एक हुकूम द्यायचा, की पानं तयार होऊन इंटरनेटवर. असं एक साधन घेतलं, ते जड वाटलं म्हणून दुसरं, दुसऱ्याचे समास पटेनात म्हणून आणखी एक. दर वेळी जुनं फोल्डर पुसायचं आणि नव्यानं मांडामांड करायची. मग फॉन्ट. मग फॉन्टचा आकार, दोन ओळींतलं अंतर, शून्याच्या पोटात टिंब असावं की तिरकी रेघ... ह्या शून्यापायी तर आख्खा आठवडा गेला होता. शून्यापायी! त्याचं त्यालाच हसू आलं.

मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. पालथा ठेवला म्हणून काय समीक्षाचा मेसेज पुसला जाणार होता? उद्या सकाळच्या लोकलनं येते. कपाटातलं सामान न्यायचंय. तू लिहून देणार होतास ते झालं असेल तर दे. नसेल तर राहू दे.

राहू दे... भांडली असती तर परवडलं असतं. भांडताना समीक्षा भांडी आपटायची, मग स्वतःच येऊन चहाला विचारायची. राहू दे म्हणणारी बाई परत चहाला विचारत नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. उद्या ती कपाट रिकामं करील, पिशवी उचलील, आणि संपलं.

तळेगावला माहेरी जाताना तिनं एकच मागितलं होतं. बाळाचं सगळं सांग मला. कसा होता, कसा नेलात, कुठं ठेवलात. एका रात्रीचं बाळ ते. तिला टाके पडलेले, औषधांची गुंगी. मुलगा झाला एवढं कळलं, सकाळी गेला एवढं कळलं, मधलं काहीच नाही. इतक्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला आईला नेत नाहीत — कोणी केला हा नियम कोण जाणे, पण त्या सकाळी दवाखान्यात जमलेल्या एकूणएक माणसाला तो तोंडपाठ होता. निवृत्तीनं नेलं. तो आणि आबा, त्याचे चुलते. परत आल्यावर तिनं विचारलं तेव्हा त्याची जीभ उचलेना. नंतर विचारलं, तेव्हाही. शेवटी म्हणाला, बोलून नाही जमत मला, लिहून देतो. आणि ती थांबली बिचारी. लिहायला असे किती दिवस लागतील, असं वाटलं असेल तिला... उन्हाळा गेला, पावसाळा गेला, भातं झोडून झाली.

बाहेर कुसगावचा रस्ता शनिवारचा तुंबलेला. हॉर्नवर हॉर्न. शेजारच्या बंगल्यात दोन दिवसांसाठी उतरलेल्यांनी सकाळपासून गाणी लावलेली, एकच गाणं फिरून फिरून. त्या गोंधळात दाराची कडी वाजलेली त्याला ऐकूच आली नाही. वळून पाहिलं तर भिमाजी आबा उंबऱ्यात उभे, खांद्यावर पिशवी.

“नवा इंद्रायणी हाय,” आबांनी पिशवी भिंतीशी ठेवली. “पानी कमी घाल, न्हाईतर खळ व्हती.”

औंढ्याहून चालत आले असणार. पाण्याचा तांब्या घेऊन ते खुर्चीच्या कडेवर टेकले, कुणाच्या तरी घरी बसल्यासारखे, आणि स्क्रीनकडं बघत राहिले.

“ह्ये काय चाललंय?”

“अक्षर बसवतोय.”

“बसंना व्हय?”

“नाही बसत.”

आबांनी मान हलवली. पाणी प्यायले नाहीत. “समीक्षाच्या आईचा फोन आल्ता. उद्या येनार म्हनं पोर. तिला बांदाचं सांगितलंस का?”

निवृत्तीनं कीबोर्ड जवळ ओढला.

“मोजनीवाल्यानं मशीन लावलं तवा मी तितंच हुतो,” आबा तांब्याकडं बघत म्हणाले. “उंबर पल्याड गेला म्हनला. माजं त्वांडच उघडलं न्हाई बघ. काय सांगनार हुतो? हितं आमचं लेकरू हाय म्हनून?”

हेच ते. हे एवढंच लिहायचं होतं आणि हेच लिहिता येत नव्हतं. औंढ्याच्या शेताच्या बांधावर उंबर आहे. आजोबांपासून तो आपलाच, त्यात कोणाला शंका? त्या उंबराखाली आबांनी खड्डा घेतला. पलीकडची जमीन बंगल्यांच्या प्लॉटवाल्यानं विकत घेतली, कुंपणाआधी सरकारी मोजणी झाली, आणि मोजणीत बांध सरकला — उंबर, त्याची सावली आणि सावलीतली ती जागा, सगळं तारेच्या पलीकडं. दसऱ्याला निवृत्ती सोनं द्यायला गेला, सहज म्हणून बांधावर गेला, तर... झाड त्यांनी तोडलं नव्हतं, शोभेला ठेवलं होतं. फांद्यांवर दिव्यांच्या माळा. खाली जेसीबीनं सारखी केलेली जमीन, बाहेरून आणून पसरलेलं गवत, फवारे, आणि एक झोपाळा. झोपाळ्यावर कोणी बाई वेफर्स खात बसली होती. वाईट नव्हती हो ती, हसली उलट त्याच्याकडं बघून. तो तारेला धरून उभा राहिला आणि मग घरी येऊन त्यानं शून्याच्या पोटातलं टिंब बदललं.

“तिला म्हनावं, आबाचं चुकलं.” आबा उठले होते.

“तुमचं काय चुकलं, आबा?”

“मंग कुनाचं?” आबांनी टोपी सारखी केली. आणि आले तसे गेले.

कुणाचं? बांध सरकवणाऱ्या मशीनचं? तो पुन्हा काळ्या खिडकीसमोर बसला. दुसरा फॉन्ट काढला. फॉन्ट बसला की नाही बघायला काहीतरी मजकूर लागतो, चार जोडाक्षरं, एखादा रफार, वेलांट्या. लोक त्यासाठी गाण्याची ओळ टाकतात, स्वतःचं नाव टाकतात. त्याच्या बोटांना मात्र दुसरं काही सुचायचंच नाही. जोडाक्षर हवं, म्हणून: डाव्या हाताची मूठ मिटलेली होती. रफार हवा, म्हणून: सूर्य नुकताच वर आला होता. अनुस्वारासाठी: नखं होती. टॉवेल पिवळा होता, ते वेलांटीसाठी. आबांनी खड्ड्यातले खडे हातानं वेचले, हे कशासाठी होतं आता आठवत नाही, खकार बघायचा असेल. मोबाइलवर कसं दिसतं तेही बघावं लागे, म्हणून हुकूम द्यायचा. साधन विचारायचं, शीर्षक? शीर्षक दिल्याशिवाय ते पुढं सरकत नसे. तो टाइप करायचा, चाचणी. पान इंटरनेटवर जायचं, मोबाइलवर उघडायचं, वेलांटी कापलेली दिसायची, की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. खरं लिहिणं तर राहिलंच होतं. ते फॉन्ट नीट बसला की करायचं होतं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा फोन वाजला. समीक्षाचं नाव.

“जेवलास?”

“आबा तांदूळ देऊन गेले.” हे काही उत्तर नव्हतं.

“बरं.” तिकडं पंख्याचा आवाज येत होता. “निवृत्ती, एक विचारते. ते चाचणी नावाचं पान... ते तू पुसतोस का रे?”

त्याला आधी कळलंच नाही. मग आठवलं. ब्लॉगचा पत्ता त्यानंच दिला होता तिला, पहिल्या दिवशी, मोठ्या हौसेनं. पण तिथं होतंच काय? कोण येणार होतं? येणाऱ्याची मोजदाद नको म्हणून मीच तर ती ठेवली नाही... हलकं हवं होतं मला.

“तू बघतेस ते?”

“रोज बघते. कधी कधी एक ओळ असते. दुसऱ्या दिवशी नसते. मला वाटायचं, तुला जमत नाहीये, म्हणून पुसतोस. मग मी लिहून घ्यायला लागले.” तिचा आवाज अगदी सरळ होता, सामानाची यादी सांगितल्यासारखा. “नखं खरंच होती?”

“होती. लांब होती. टॉवेलाच्या दोऱ्यात अडकली होती.”

“आणि खडे? आबांनी?”

“सगळे वेचले. आबा सरळ व्हायलाच तयार नव्हते.”

ती रडत असेल तर ऐकू येत नव्हतं. शेजारचं गाणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

“कुठं ठेवलं ते नाही कुठल्याच ओळीत,” ती म्हणाली. “मी सगळ्या ओळी लावून बघितल्या. ते तेवढं राहिलंय. उद्या मला तिथं ने. पण आधी लिही. तिथं गेल्यावर मला नवीन काही दिसायला नको.” आणि फोन ठेवता ठेवता, “अक्षर कसलंही चालेल रे. आणि त्याला चाचणी म्हणू नकोस.”

फोन बंद झाला तरी त्यानं तो कानालाच धरला होता. रोज बघत होती. तो वेलांट्या मोजत होता आणि ती तिकडं ओळी वेचत होती, आणि एकेक ओळ ह्यानं, ह्याच बोटांनी, समास आवडले नाहीत म्हणून... थू! भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं, आणि ते नाटकच झालं असतं, बघायला कोण होतं?

मग दुसरं सुचलं. औंढ्यात उंबरांना काय तोटा? ओढ्याकडं एक आहे, निवांत, कोणी फिरकत नाही तिकडं. तिला तोच दाखवावा. आबा काही बोलणार नाहीत, मान हलवतील. ती फुलं ठेवील, मातीवर हात फिरवील, कदाचित कपाटातलं सामानही परत लावील... सगळं नीट होईल. किती सोपं होतं! आणि त्याला दिसलं, ती रिकाम्या मातीवर हात फिरवतेय आणि आपण मागं उभे. त्या मातीत तर खडेच खडे असणार, कोणी वेचले होते तिथले? तिच्या हाताला ते लागतील. तिच्या हाताला लगेच कळेल.

त्यानं टाइप केलं: औंढ्याच्या बांधावर, उंबराखाली. थांबला. मग — मोजणीत उंबर पलीकडं गेला. तिथं आता हिरवळ आहे.

तिथंमधला त एकीकडं, वेलांटी एकीकडं. हिरवळीचंही तेच. सवयीनं हात सेटिंग्जकडं निघाला आणि मधेच, टेबलाच्या कडेवर, पडून राहिला. जाऊ दे, वेलांटी बाहेर उभी राहिली तर. ते वाक्य पहिल्यांदाच एवढं स्वच्छ वाचता येत होतं आणि वाचवत नव्हतं. हे वाचून ती उद्या येईल, की उद्याही येणार नाही? तारेपलीकडं झोपाळा बघून ती काय करील? त्याला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

त्यानं हुकूम दिला. खिडकीनं नेहमीसारखं विचारलं, शीर्षक?

बोट च-वर गेलं आणि मागं आलं. दुसरं काय लिहायचं? बारसं झालंच नव्हतं. बाराव्या दिवशी ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि हा बाहेर कठड्याला धरून उभा होता... तिनं काही ठरवलं असेल. नऊ महिने पोटात वागवताना, पालकाची भाजी निवडताना, लोकलमध्ये खिडकीशी बसल्यावर, मनातल्या मनात कुठल्या तरी नावानं हाक मारलीच असेल तिनं त्याला. आणि आपण? सांगायचं सगळं आपल्याचकडं आहे आणि तिनं फक्त ऐकायचंय, असं धरून बसलो इतके दिवस. तिला एकदाही विचारलं नाही.

कर्सर लुकलुकत होता. खिडकी विचारत होती, शीर्षक? आणि ते निवृत्तीला माहीत नव्हतं, समीक्षाला माहीत होतं.