ओळ संपली की थांबायचं

"हा वाजतो ना नीट, मिस? की नुसता दिसायलाच?"

मुख्याध्यापिका मनोरमा मॅडमनी पियानोवरचं कापड ओढलं आणि दोघी शिंकल्या. विरारच्या त्या इंग्रजी शाळेच्या ट्रस्टींनी बांद्र्याच्या कुणा म्हाताऱ्याकडून तो उचलून आणला होता. शाळेच्या माहितीपत्रकावर त्याचा फोटो आधी छापला गेला, शिकवणारी बाई नंतर शोधली.

सेलिनने एक पट्टी दाबली. बोट तसंच ठेवलं, तरी सूर विरून गेला.

"वाजतो, मॅडम. पण सूर टिकत नाही याचा."

"टिकून काय करायचंय? गॅदरिंगमध्ये मुलांनी वाजवलं म्हणजे झालं. पेरेंट्स खूश, की तुम्ही परमनंट. ओके?"

ओके म्हणण्यावाचून सेलिनपुढे काही नव्हतं. वय सत्तेचाळीस, लग्न झालेलं नाही, राहणं अर्नाळ्याकडच्या कोळीवाड्यात भावाच्या घरी. सोळाव्या वर्षापासून ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आली होती, पायांनी भाता मारत. मग नवीन फादर आले, इलेक्ट्रिकचा कीबोर्ड आला, त्यावर ग्लेन नावाचा पोरगा बसला. फादर गोड आवाजात म्हणाले, "सेलिनबाई, आता जरा आराम करा." गरज सरली की माणसं आरामच करायला सांगतात. शाळेसाठी चिठ्ठी मात्र त्यांनीच दिली. उपकार करून टाकले की आपलंही मन हलकं होतं.

घरी भावजय डायना बोंबील पालटता पालटता विचारायची, "कायम झाली का गो नोकरी? का ही पन चर्चवानीच, फुकटची?"

सेलिनला नोकरी हवी होती ती डायनाचं तोंड बंद करायला, हे खरंच. पण त्याहून खरं म्हणजे पोरं तिला 'मिस' म्हणायची. तीस वर्षांत तिला कुणी काही म्हटलंच नव्हतं. लोक वेदीकडे तोंड करून गायचे आणि ऑर्गन त्यांच्या पाठीमागे असायचा.

बाकी मुलं पियानो बडवायची. शिकायची ती तिसरीतली अनुष्का. बोटं बारीक, कपाळावर सदैव आठी. तिच्यासाठी सेलिनने स्वतः चार ओळींची एक चाल बांधली.

"ओळ संपली की थांबायचं," सेलिन सांगायची.

"का, मिस?"

"लोकांना श्वास घ्यायचा असतो. म्हाताऱ्या बायका असतात, दमेकरी असतात. मागे राहिलेला शेवटचा माणूस आला, की मगच पुढची ओळ."

"पण इथे कोण गातंय?"

"मी गाते ना!"

आणि ती खरंच गायची. चूक तिथेच झाली. ऑर्गनवर ओळीचा शेवटचा सूर दाबून धरला की तो राहतो, त्याच्या आडोशाला माणसं दम घेतात, कुणाला थांबल्याचं कळतही नाही. पियानोचा सूर विरतो आणि मागे नुसतं भोक पडतं. शिकवताना ते भोक सेलिनच्या गळ्याने भरून निघायचं. तिला ते कधी ऐकूच आलं नाही.

गॅदरिंगच्या संध्याकाळी मैदानात मांडव होता. अनुष्काचे आईवडील पहिल्या रांगेत, वडिलांच्या हातात कॅमेरा. अनुष्काने पहिली ओळ अगदी निर्मळ वाजवली आणि शिकवल्याप्रमाणे थांबली. संपलं असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने दुसरी ओळ सुरू केली, तशा टाळ्या ओशाळून बंद पडल्या. दुसरी ओळ संपली. ती पुन्हा थांबली.

"अटकी, अटकी!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

विंगेत उभ्या असलेल्या सेलिनला ती शांतता पहिल्यांदा ऐकू आली. आत्ता गायला लागावं, असं तिच्या मनात आलंही. पण तेवढ्यात अनुष्काने तिसरी ओळ सुरू केली. तिसऱ्या ओळीनंतर हशा इतका वाढला की पोरीने हात मांडीवर घेतले आणि पुन्हा वर आणलेच नाहीत.

मनोरमा मॅडम माइक घेऊन धावल्या. "विसरलीस का, बेटा? इट्स ओके. होतं असं."

अनुष्काने मान वळवून विंगेत पाहिलं. सरळ सेलिनकडे. त्या पोरीला सगळं पाठ होतं, हे त्या मांडवात दोघींनाच ठाऊक होतं. 'मीच तसं शिकवलं,' एवढंच म्हणायचं होतं. सेलिनने मान खाली घातली.

"विसरले," अनुष्का माइकमध्ये म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सेलिनला बोलावलं. "पोरगी नर्व्हस झाली, तुमचा काय दोष? पियानो चमकला बघा फोटोत! जानेवारीपासून तुम्ही परमनंट." सेलिन थँक्यू म्हणाली. घरी सांगितलं तेव्हा डायनाने पहिल्यांदाच तिच्या ताटात माशाची मोठी तुकडी वाढली. सेलिनने ती ताटाच्या कडेला सारली.

सोमवारी संगीताच्या तासाला अनुष्का आली. नजर वर नाही. सेलिनने रात्रभर काही वाक्यं जुळवून ठेवली होती, पण ती बोलायच्या आत पोरीने वाजवायला घेतलं. पहिली ओळ, तिला चिकटून दुसरी, तिसरी, चौथी. मध्ये केसाएवढीही फट नाही. शेवटच्या सुरावरून तिने बोट असं उचललं, जसं तापलेल्या तव्यावरून उचलावं.

"आता बरोबर ना, मिस?"

"बरोबर," सेलिन म्हणाली.

अनुष्काने दप्तर उचललं. पुढच्या आठवड्यापासून तिने डान्सला नाव घातलं होतं.