पडल्याची खूण

पाहणीवाल्या बाईंनी फाइल टेबलावर इतक्या जोरात आपटली, की इन्चार्ज सिस्टरच्या कपातला चहा बशीत सांडला.

“वर्षभरात एकही फाटलेला ओठ नाही? अख्ख्या देशात अशी बाळं जन्मतात, तुमच्याच दवाखान्यावर काय देव प्रसन्न झालाय?”

“नाही जन्मली, तर मी काय तयार करू?” सिस्टरने बशीतला चहा परत कपात ओतला.

“आणि मघाशी वॉर्डात पाहिलं ते? त्याच्यापुढे लिहिलंय, ‘पडून झालेली इजा’! अहो, कालचं बाळ ते. पडलं कुठून, आकाशातून?”

सिस्टरला हसू आलं. बाईंना मात्र रडू यायचंच काय ते बाकी होतं. देशभर मोजणी चालली होती. अशी बाळं कुठे किती जन्मतात, यावरून ऑपरेशन करणारा सर्जन कुठे द्यायचा ते ठरणार होतं. आणि या भागातला एकूणएक दवाखाना हेच करत होता. पडलं, खरचटलं, नख लागलं. आकडा शून्य, म्हणजे सर्जनही शून्य. घसा कोरडा करून सांगितलं, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना.

“घरचेच हातापाया पडतात हो,” सिस्टर म्हणाली. “जन्मापासून आहे म्हटलं, की सगळे सुनेच्या मागे हात धुऊन लागतात. हिच्याच रक्तात खोट, म्हणे. इजा लिहिली की खापर आमच्यावर फुटतं. आमची पाठ निबर आहे.”

“मग ऑपरेशन कोण करणार? तुमची पाठ?”

बाई तरातरा वॉर्डात गेल्या. बाळाची आई त्याला चमच्याने दूध पाजत होती. निम्मं दूध नाकावाटे बाहेर येत होतं. बाईंना बघताच तिने दुपटं बाळाच्या तोंडावर ओढलं.

बाई कॉटच्या कडेला टेकल्या.

“हे बघ पोरी, तुझ्यामुळे नाही झालेलं हे. कुणाच्याही पोटी होतं. पण लपवलंस, तर इथे डॉक्टर येणार नाही. तुझ्यामागून येणाऱ्यांनीही असंच चमचा घेऊन बसायचं का?”

तिने चमचा वाटीत ठेवला. मग तिने दुपटं बाजूला सारलं.

“लिहा जन्मापासून म्हणून. सासूबाईंचं बघेन मी.”

बाईंना हायसं वाटलं. चला, एक तरी! त्यांनी पेन काढलं आणि फोन वाजला. धाकटी बहीण. तिचा आवाज फोनमधूनही वॉर्डभर ऐकू जाणारा.

“ताई, स्थळ आलंय ना, त्या मुलीची आई विचारतेय, तुझ्या मुलाच्या ओठावर ती खूण कसली गं?”

“लहानपणी पायरीवरून पडला म्हणून सांग. ठेवते, कामात आहे.”

त्यांनी कागद पुढे ओढला.

“ऑपरेशन चांगलं झालं का हो त्याचं?” बाळाच्या आईने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बाईंचं पेन जागीच थांबलं.

“झालं,” त्या म्हणाल्या. “छान झालं.”

“मग माझाही पडलाच म्हणून लिहा.”

दारात सिस्टर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, म्हणून बाईंचं आणखीच डोकं फिरलं. पण आता चिडायचं तरी कुणावर? त्या कागदाकडे बघत बसल्या. बाळ रडायला लागलं, तसा त्याच्या आईने चमचा उचलला.

बाईंनी पर्समधून फोन काढला आणि तिथेच, कॉटच्या कडेला बसून, बहिणीचा नंबर लावला.

“काय गं ताई?” वॉर्डभर आवाज घुमला. “काही सांगायचं राहिलं का?”