बाटल्यांच्या खोक्यातली सात अंडी

मित्रांनो, मी एक जुन्या जातीची कोंबडी आहे. माझा तुरा आता एका बाजूला कलंडला आहे आणि मानेवरची पिसे विरळ झाली आहेत. पण राखाडी अंगावरचे पांढरे पट्टे पाहा, एकही फिका पडलेला नाही. माझे कौतुक मीच करते आहे असे वाटेल, पण खरे तेच सांगते आहे.

माझा जन्म कंपाउंडरकाकांच्या मागच्या अंगणात झाला. काका दवाखान्यात पस्तीस वर्षे औषधाच्या पुड्या बांधत होते. कोंबड्या मात्र काकूंच्या होत्या. आमच्या जातीवर लोक जीव टाकायचे. पोस्टातल्या बाई आमच्या पट्ट्यांवर भाळल्या होत्या. शेजारचा सुतार म्हणायचा, "यांना फक्त दार उघडून द्यायचं. आपलं पोट आपणच भरतात." आणि आम्ही खुडूक होतो, म्हणजे अंड्यांवर बसायचे आम्हाला वेडच लागते. एकवीस दिवस जागचे हलत नाही. कारखान्यातल्या पांढऱ्या कोंबड्यांना हे वेड उरलेले नाही. म्हणून तर आमच्या पिल्लांसाठी लोक नंबर लावून बसायचे.

मग काकू गेल्या आणि सगळा कारभार काकांच्या हाती आला.

काका प्रेमळ होते, पण त्यांना स्वच्छतेचे भारी वेड. काकू अंडी उचलून तशीच माझ्याखाली सरकवत. काका ती जांभळ्या औषधाच्या पाण्याच्या बादलीत बुडवत, घासत, पुसत आणि पेन्सिलीने तारीख टाकून मगच ठेवत. मी एकवीस दिवस बसले. एकही अंडे फुटले नाही. पुन्हा बसले, पुन्हा तेच. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. आपल्यातच काही खोट आहे असे वाटू लागले.

त्यातच एका सकाळी कुत्र्याने आमचा कोंबडा उचलला. उरलो आम्ही तिघी, आणि त्यातल्या दोघींची अंडी वयामुळे कधीच बंद झाली होती.

"बाबा, आता पुरे," काकांची मुलगी म्हणाली. "आईच्या कोंबड्यांचा वंश संपला. पांढऱ्या आणू, रोज अंडं तरी देतील."

काका कोंबड्याच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

कोंबडा गेल्यावरही काही दिवस अंडी फळतात. हे कोणी शिकवावे लागत नाही, आमच्या अंगातच असते. माझ्या पोटात जी सहा-सात अंडी होती, तीच आमच्या वंशाची शेवटची आशा होती. मी ठरवले, ही अंडी बादलीपर्यंत जाऊ द्यायची नाहीत. बादलीत काय वाईट होते ते मला ठाऊक नव्हते. पण काकूंच्या वेळी बादली नव्हती आणि पिल्ले होती, एवढे मला पक्के आठवत होते.

पडवीच्या कोपऱ्यात दवाखान्यातून आणलेले बाटल्यांचे लाकडी खोके होते, गवताने भरलेले. मी रोज टोपलीत बसल्याचे सोंग करायची आणि अंडे मात्र खोक्यात घालायची. सात अंडी झाली आणि मी बसले. दिवसातून एकदाच बाहेर पडायची, दोन घोट पाणी, चार दाणे, की परत. मला कुत्र्यानेच नेले असे घरात सगळ्यांनी गृहीत धरले. ऊन तापले, अंग सुकत चालले, पण मी हलले नाही. नाही म्हणजे नाही!

विसाव्या दिवशी काका नव्या कोंबड्यांसाठी जागा करायला पडवीत आले. जागा बघायला जनावरांच्या डॉक्टरीणबाईही सोबत होत्या. खोके ओढताच काका ओरडले, "अगं, जिवंत आहेस!" त्यांचे डोळे भरून आले. आणि लगेच सवयीने म्हणाले, "अरेरे, किती घाण झालीत अंडी. थांब हं, बादली आणतो."

त्यांनी हात पुढे केला आणि मी चोच मारली. रक्त आले. ज्या हाताने मला दाणे टाकले, त्याच हाताला मी टोचले. पण पर्याय नव्हता.

"काका, बादली कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"धुवायला. बसवायच्या आधी नेहमी धुतो मी. औषध घालून, घासून."

"घासू नका हो! अंड्यावर नैसर्गिक थर असतो, तो गेला की जंतू आत शिरतात. पिल्लू आतच मरतं."

काकांनी हात मागे घेतला. "म्हणजे दोन्ही वेळा मीच..." एवढेच म्हणाले. मग रक्ताळलेला हात तसाच ठेवून मला म्हणाले, "बरं केलंस, बाई. आणखी एक मारायची होतीस."

दुसऱ्या दिवशी पाच अंडी फुटली. दोन नाही फुटली, त्यांचे दुःख मला आजही आहे. पण पाचही पिल्लांच्या अंगावर पुढे पट्टे आले आणि त्यातले दोन कोंबडे निघाले. पांढऱ्या कोंबड्या काही आल्या नाहीत.

मित्रांनो, जुन्या जाती जपा, अगदी मायेने जपा. पण जपताना आधी नीट बघा की त्या आपापल्या कशा जगत आल्या. माझ्या खोक्यावर काकांनी आता चिठ्ठी चिकटवली आहे, औषधाच्या बाटलीवर लावायचे तशी, सुवाच्य अक्षरात. तिच्यावर लिहिले आहे, 'हात लावू नये. हिला कळते.'