विंगेतलं बटण

आमचे हे नाटकात कर्नल होतात. बावीस वर्षं तेच नाटक, तीच मिशी, तोच गणवेश. गणवेशाची बटणं तेवढी दर दोन वर्षांनी मी पुढे सरकवते. सगळे यांना कर्नलच म्हणतात. आवाज खणखणीत, चाल रुबाबदार आणि पाठांतराच्या नावानं शंख. म्हणून विंगेत मी. वही घेऊन बसायचं आणि यांना वाक्यं पुरवायची. आमच्या हौशी मंडळात एकच नियम आहे: विंगेतून आलेलं वाक्य तपासत बसायचं नाही, बोलून टाकायचं. हे त्यात इतके मुरलेत, की मी विंगेतून गॅस बंद करायला सांगितलं असतं तरी यांनी सैन्याला हुकूम दिल्यासारखं ते म्हणून टाकलं असतं.

तर झालं काय, चार वर्षांपूर्वी यांचे कान गेले. अगदी ठार नाही. घरात मी ओरडले की ऐकू जायचं, आणि ओरडण्यात मी कुणाला हार जात नाही. पण कुजबुज गेली. वयानं कान जातात तेव्हा बारीक आवाज आधी जातात म्हणे, आणि कुजबुजीत दुसरं असतंच काय? आमचा तर धंदाच कुजबुजीचा. मी आवाज चढवत गेले. शेवटी तिसऱ्या रांगेतले लोक यांच्या विनोदाला यांच्याआधी हसायला लागले.

दिग्दर्शक म्हणजे यांचा सख्खा भाचा. मागच्या प्रयोगाला हे भर अंकात ढिम्म उभे राहिले. मी तीनदा वाक्य टाकलं, पण यांचं आपलं माझ्याकडे बघून हसणं चालू. भाच्यानं तेव्हाच बजावलं, की पुन्हा असं झालं तर कर्नल बदलणार. बदलीचा माणूसही तयार होता. नाटकात पोस्टमन होणारा दातांचा डॉक्टर. त्या मेल्यानं कर्नलची सगळी वाक्यं घोकून ठेवली होती, आणि दवाखान्यात पेशंटला तोंड उघडायला लावून ती म्हणून दाखवायचा.

हे घरी येऊन नुसते बसून राहिले. मला अगदी भडभडून आलं. कानाला यंत्र लावा म्हटलं की अंगावर येणारा हा माणूस, पण दुसऱ्या दिवशी मी दंड धरून कानाच्या दवाखान्यात नेलं तर मुकाट्यानं आला.

यंत्रं म्हणजे शेंगदाण्याएवढी दोन, कानांमागे लपणारी. बाहेर पडलो तर हे फुटपाथवर थांबून स्वतःच्याच बुटांची करकर ऐकत राहिले. घरी आल्यावर फ्रिजला काय झालंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, तो दहा वर्षं असाच घुरघुरतोय, तुमच्यासारखा.

पण खरी गंमत निराळीच. यंत्र देणाऱ्या मुलीनं सोबत एक बटण दिलं होतं, म्हणजे बटणाएवढा माईकच. म्हणाली, काकूंनी हे गळ्याजवळ लावायचं, म्हणजे हॉटेलातल्या गलक्यातही त्यांचं बोलणं थेट काकांच्या कानात उतरेल. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली, ती तेव्हा पहिल्यांदा. हॉटेल कुणाला हवंय? यांची अट एकच, कुणाला कळता कामा नये. कर्नलच्या टोपीखाली सगळं झाकलं जात होतं.

पुढच्या प्रयोगाला पहिला अंक असा काही पळाला म्हणता. मी विंगेत उपड्या बादलीवर बसून ओठसुद्धा धड हलवत नव्हते, आणि तिकडे हे सुसाट. समोरच्या विंगेत दातवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आवरेना.

दुसऱ्या अंकात मोठा प्रवेश. कर्नल शेजारच्या विधवा बाईंना मागणी घालतो. त्या बाई म्हणजे बँकेतली कॅशियर. दीड पानाचं भाषण मी नुकतं सुरू करून दिलं होतं, तेवढ्यात भाचा माझ्यापाशी वाकला. मामा आज छान करतायत म्हणाला, पण पुढच्या रविवारचा शब्द त्यानं डॉक्टरला देऊन टाकला होता.

माझं डोकंच फिरलं. गळ्यातलं बटण बिटण साफ विसरले. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

स्टेजवरून हे कॅशियरबाईंवर कडाडले, “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

थिएटर हसून फुटायची वेळ आली. पण रागात मला दुसरं काही ऐकू येत नाही. मी पुढे सुरूच. त्या दात उपटणाऱ्याला एक पत्र धड देता येत नाही, आणि चालला नवरदेव व्हायला! स्टेजवरून तेही जसंच्या तसं गेलं. लोकांना वाटलं, पोस्टमनचाही बाईंवर डोळा आहे. शिट्ट्या सुरू झाल्या.

मग मी भाच्याचा हात धरला. “अरे, चार वर्षं घरात सगळे हसले की हा माणूस हसतो. कशाला हसतोय ते त्याला ठाऊक नसतं. फक्त इथे पुढचा काय बोलणार हे त्याला माहीत असतं. इथे तो घाबरत नाही. तेवढं नको रे काढून घेऊस.”

एवढं मात्र स्टेजवरून उमटलं नाही. आणि मला गळ्याशी बटण चालू असल्याचा हिरवा दिवा दिसला. म्हणजे यांनी सगळं ऐकलं होतं. आपलं हे हसणं कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं यांना चार वर्षं वाटत होतं.

यांनी टोपी काढली. “मला ऐकू येत नाही,” हे कॅशियरबाईंना म्हणाले. असं वाक्य वहीत नव्हतं. “चार वर्षं झाली. एक बाई माझ्या कानात बोलते. तिच्या जिवावर मी इथे उभा आहे.”

कॅशियरबाई दिवसभर गिऱ्हाइकांना तोंड देणाऱ्या, त्या कशाला डगमगतात? कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मग त्या बाईशीच लग्न करा की.”

“केलंय,” हे म्हणाले. “त्रेचाळीस वर्षं झाली.”

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. हे विंगेकडे बघत पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे, आणि माझ्या वहीत पुढचं वाक्यच नाही. भाचा खाली बसला, माझ्या गळ्याजवळचं बटण दोन बोटांत धरलं आणि हळूच म्हणाला, “मामा, पुढच्या रविवारी तुम्हीच.”

“पुढच्या रविवारी मीच!” यांनी प्रेक्षकांना ठणकावून सांगितलं. समोरच्या विंगेत दातवाल्यानं कपाळावर हात मारला, आणि मग तोही टाळ्या वाजवायला लागला.

मी एव्हाना ढसाढसा रडत होते. हे माझ्याकडे वळले आणि भरल्या थिएटरसमोर म्हणाले, “अगं, नाक ओढायचं तर आधी ते बटण बंद कर. माझे कान फुटतायत.”

बटण मी बंद केलं नाही. आणखी जोरात नाक ओढलं.