बिनधुराची चूल

संशोधनवाल्या मॅडमनी उंबरमाळीच्या आमच्या घरात बिनधुराची चूल बसवली आणि भिंतीला धूर मोजायचं यंत्र टांगलं. वर्षभर जुनी चूल पेटवणार नाय, असा शब्द माझ्या नवऱ्यानं, भगीरथनं देऊन टाकला. रांधते मी, शब्द त्याचा!

आमच्या छपराचे बांबू चुलीच्या धुरावरच टिकतात. धूर थांबला आणि बांबूंना भुंगा लागला. आता रोज ताटात भुसा पडतो. जुनी चूल पेटवू म्हटलं, तर भगीरथ म्हणतो, "यंत्राला कळेल गो."

काल मॅडम आल्या आणि यंत्र बघून खूश झाल्या. "प्रेमाताई, हवा किती स्वच्छ झाली!"

तेवढ्यात त्यांच्या चहात वरून भुसा पडला.

"हो मॅडम," मी म्हटलं, "छप्पर पडलं का आणखी मोकळी होईल."