अंबाडीचा पीळ

सन एकसष्टच्या हिवाळ्यात धावजी दोनदा तांडा सोडून पुसदच्या सडकेवर निघून गेला. तरुणपणी तो लदेणीच्या बैलांबरोबर मीठ आणि धान्य वाहत मुलूखभर हिंडला होता. आता पंचाहत्तरी उलटली होती, शेती मुलाच्या हातात होती आणि सकाळी जेवलेलं त्याला दुपारी आठवत नव्हतं. ऊन कललं की तो उठायचा.

"बैल लादाचे हायत. मंडळी पुढं गेली."

दुसऱ्या वेळी एका ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला आणि त्यानंच म्हाताऱ्याला घरी आणून सोडलं. तेव्हापासून मुलगा फुलसिंग शेतावर जाताना बाहेरून कडी लावू लागला. धावजी आतून दार थापटायचा, थकला की रडायचा. अंगणात बसून ते ऐकणं सुनेला, सुखीबाईला, सहन होईना.

आठव्या दिवशी तिनं कडी काढली. आधी मटकीतले खडे वेचायला दिले. त्यानं सूप बाजूला सारलं. मग तिनं बांधावरच्या अंबाडीच्या सालीचे लांब धागे, वाळवलेले वाख, त्याच्या पुढ्यात ठेवले.

"मामाजी, गाईचं दावं तुटलं. नवं पायजे."

धावजीनं वाख हुंगले. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि मांडीवर पीळ घालायला लागला. सदऱ्याची गुंडी लावताना चाचपडणारे ते हात आता कुठं अडत नव्हते. सुखीबाई हातातलं काम विसरून बघत राहिली. ऊन कललं, तरी तो उठला नाही.

महिन्याभरात शेजारचा लखीरामही दावी वळून घ्यायला वाख आणू लागला. फुलसिंगला मात्र ते पटेना.

"बाजारात दावं भेटते ना! बापाले कायले कामाले लावतं? लोक हासतीन."

"एक दिवस बसून तं पाहा त्याइच्यापाशी," सुखीबाई म्हणाली.

रविवारी तो बसला. धावजीनं त्याच्याकडं पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती.

"कोणाचा रे तू?"

"इथलाच," फुलसिंग म्हणाला.

"दावं वळता येते?"

"नाई."

"माया पोरालेही नाई येत. फुलसिंग नाव हाय त्याचं. लय कामाचा. वावरातून येते तवा थकून जाते बिचारा. मीच कधी म्हटलं नाई त्याले, बस म्हणून."

फुलसिंगनं वाखाची एक जुडी उचलली. "मले शिकवता?"

धावजी जवळ सरकला. खरखरीत बोटांनी त्याची बोटं धरून पीळ दाखवला, चुकला तेव्हा उलगडून पुन्हा दाखवला. दावं मधेच जाड, मधेच बारीक झालं.

"गाईले नाई, वासराले चालते," धावजी म्हणाला आणि हसला.

दुसऱ्या दिवसापासून फुलसिंग वावरातून तासभर आधी परतू लागला. धावजी आणखी दोन हिवाळे जगला. समोर बसतो तो आपलाच मुलगा, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. पण फुलसिंगला यायला उशीर झाला, की तो वाख मांडीवर तसेच ठेवून सुनेला विचारायचा,

"काहून वं, तो गडी आला नाई अजून?"