डोस नको, फूल देतो

मी एक जुनं झाड आहे, असं सांगायला मला आवडलं असतं, मित्रांनो. पण आम्हा कॉसमॉसच्या फुलझाडांचं आयुष्य उणंपुरं पाच-सहा महिन्यांचं. त्यातले तीन महिने मी नुसता वैतागण्यात घालवले!

माझं बी एका ताईंनी लावलं. पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या होत्या. पलंगावर बसून, मांडीवर कुंडी घेऊन त्यांनी मला मातीत टोचलं आणि म्हणाल्या, "तुला फूल आलं, की मी माझ्या पायांनी बघायला येईन." मग कुंडी खिडकीत गेली. पलंगापासून खिडकी आठ पावलांवर.

भाऊ चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. पाण्यात खत कालवून त्यांनी बाटली भरली आणि तिला दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीसारखी, डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी चिकटवली. सकाळी एका खुणेपर्यंत, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. मला कुणी विचारलं? आम्हाला हलकी माती, भरपूर ऊन आणि बेताचं पाणी मिळालं, की आम्ही फुलतो. पोटभर खाऊन लोळणाऱ्याला कामाची आठवण कशी येणार? मला पानांवर पानं फुटत गेली, केसासारखी बारीक, थेट गाजराच्या पाल्यासारखी. शेजारीण रोज विचारायची, "गाजरं कधी काढताय?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शेवटी मी स्वतःच्याच भाराने वाकलो, तर कंपाउंडरांनी फूटपट्टी लावून मला बँडेज बांधलं.

ताईंचीही तीच गत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. पण त्यांनी पाय खाली सोडला रे सोडला, की भाऊ हजर. "उठू नकोस ताई, मी आहे ना." पाण्याचा पेलासुद्धा ओठांशी. ताईंचे पाय काटकुळे होत चालले.

एका सकाळी कंपाउंडर माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, ही केस हाताबाहेर गेली. उद्या उपटतो."

मी मुळांनी माती घट्ट धरली. पण ताई कडाडल्या, "अरे, दुखणं त्याचं नाही, तुझं आहे! तीन आठवडे त्याला काही देऊ नकोस. आणि मलाही."

"तू पडलीस तर?"

"पडले तर ओरडेन. ऐकू येतं ना तुला?"

बाटली ताईंच्या उशीखाली गेली. पाण्याची परवानगी होती, तीही माती सुकल्यावर. पाचव्या दिवशी माझी खालची पानं पिवळी पडली, तसे कंपाउंडर भरलेला तांब्या घेऊन आले. "हात खिशात!" ताई पलंगावरून ओरडल्या. ते तांब्यासकट परत गेले. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांची दया आली. इकडे ताई पलंगाची कड धरून उभ्या राहायला लागल्या. मग दोन पावलं, मग टेबलापर्यंत चार.

आणि तिसऱ्या आठवड्यात माझी पहिली कळी उमलली. गुलाबी.

"ताई, आलं!" कंपाउंडर कुंडी उचलायला धावले.

"ठेव ती खाली. मी येते."

एक, दोन, तीन... सहाव्या पावलाला ताईंचा तोल गेला. कंपाउंडरांचे दोन्ही हात बाहेर आले, आणि त्यांनी ते इतक्या जोरात परत खिशात कोंबले, की शिवण टर्रकन उसवली. ताईंनी भिंतीला हात टेकला. थांबल्या. दोन पावलं उरली होती, तीही चालल्या. माझ्या पाकळीला बोट लावून म्हणाल्या, "म्हणाले होते ना, येईन." भाऊ खिशातल्या बँडेजने डोळे पुसत होते.

मित्रांनो, आम्हाला पाणी जरूर घाला, उन्हात ठेवा. पण मग मेहेरबानी करून जरा लांब उभे राहा. ते जड जातं, मी पाहिलंय.

आता माझे दिवस भरले आहेत. बी मात्र कंपाउंडरांनी त्याच बाटलीत जपून ठेवलं आहे. बाटलीवर त्यांनी नवी कागदी पट्टी चिकटवली आहे, पण तिच्यावर एकही खूण कातरलेली नाही.